कालवांची रेघ

"आता बोलू नको, बाय," शिवदासकाका म्हणाले आणि धक्क्याच्या कडेला ओणवे झाले.

खाली खांबाला बोल्टांनी आवळलेली लाकडी काठी होती, पांढऱ्यावर काळे आकडे रंगवलेली. तिच्यावर पाणी चढत होतं, उतरत होतं. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. सात लाटा. प्रत्येक लाटेचा माथा वेगळा, तळ वेगळा. चौदा आकडे डोक्यात धरायचे आणि सरासरी काढून एकच लिहायचा. मी तेच कॅल्क्युलेटरवर करत होते. माझं उत्तर यायच्या आत त्यांनी वहीत लिहून टाकलं होतं: १.८४. माझं आलं १.८३७.

"तुझा मशीन बरा असा," ते म्हणाले. "जरा सावकाश, पण बरा."

शिवदासकाका हे काम बावीस वर्षं करत होते. इथे आखातात, अस्करच्या दक्षिणेला, बांधकाम कंपनीचा हा छोटा धक्का आहे. त्याच्यापलीकडे समुद्रात भराव घालून नवं बेट तयार होत होतं, तीनशे व्हिलांचं. २००३ साली, बेट नुसतं नकाशावर असताना, कुठल्याशा सल्लागाराने सांगितलं होतं की पाण्याची पातळी रोज मोजत राहा, पुढे उपयोगी पडेल. म्हणून काठी बसवली आणि काठी वाचायला माणूस ठेवला. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला एक आकडा, शुक्रवारीसुद्धा. सल्लागार गेला, इंजिनिअर चार वेळा बदलले, वह्या वाढत गेल्या. धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत त्या ओळीने लावलेल्या होत्या, खाकी कव्हर घातलेल्या, पाठीवर साल लिहिलेल्या.

त्या वह्या कॉम्प्युटरवर आणायच्या म्हणून मला घेतलं होतं. माझा जन्म इथलाच. वडील अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात कागदपत्रांच्या विभागात आहेत, घर रिफा शहरात. पुण्याला जाऊन एम.एस्सी. करून परत आले तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की मला निदान एखाद्या लॅबमध्ये नोकरी मिळेल. मिळालं ते हे. सकाळी पाच वाजता कंपनीचा ड्रायव्हर उबेद पिकअप घेऊन दाराशी यायचा. शहर संपलं की रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना तीच मातकट जमीन, आणि मग एकदम समुद्र, जमिनीच्या इतक्या जवळच्या उंचीवर की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो ओतू जाईल असं वाटावं. मला तसं कधी वाटलं नव्हतं. लहानपणापासून तो तसाच बघितलेला.

पहिल्या दिवशी काकांनी मला गाव विचारलं. मी म्हटलं, सातारा जिल्हा. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले की त्यांच्या गावात आमच्या लोकांची वाडी नदीपलीकडे आहे. दुपारी त्यांनी स्वतःच्या डब्यातल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कालवणातलं अर्धं माझ्या झाकणात ओतलं आणि स्वतः माझ्या डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून घेतला. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

त्यांचं गाव देवगड तालुक्यात, खाडीकाठी. वडील खारजमिनीच्या बांधाची राखण करायचे. बांधात लाकडी दार असतं, त्याला ते उघाडी म्हणतात. भरतीला बंद, ओहोटीला उघडं, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर जातं आणि खारं पाणी आत येत नाही. वडील गेल्यावर बांधाकडे कोणी बघितलं नाही, तो फुटला, भातशेती खारी झाली. आता मोठ्या उधाणाला पाणी काकांच्या अंगणात येतं. त्यांची बायको राधा आणि मुलगी भक्ती वर सड्याच्या पठारावर भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या होत्या. हे सगळं ते हवामान सांगावं तसं सांगायचे.

एका गोष्टीबद्दल मात्र त्यांचा आवाज बदलायचा. कंपनी दुसरा टप्पा सुरू करणार होती, आणखी एक बेट. वह्यांवरून अहवाल निघेल, तो मान्य झाला तर नव्या धक्क्यावरही काठी बसेल आणि तिथे वाचायला काकाच लागतील, आणखी दोन-तीन वर्षं. नाही झाला तर खांबावर मशीन बसवणार आणि काकांचा व्हिसा संपणार. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पण काकांनी मला विचारलं ते दुसरंच.

"रिपोर्टात वाचणाऱ्याचा नाव घालतत काय?"

मी म्हटलं, घालतात. निरीक्षक म्हणून. तुमचं घालीन.

"इंग्रजीत?"

इंग्रजीत.

त्यांनी मान हलवली आणि सहाव्या तासाचा आकडा घ्यायला गेले.

*

आकडे भरायला मला अडीच महिने लागले. शास्त्र शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या आकड्यांवर लगेच विश्वास ठेवता येत नाही, म्हणून मी आधी एक साधी तपासणी केली. माणूस अंदाजाने आकडे ठोकत असेल तर त्याच्या शेवटच्या अंकात शून्य आणि पाच जास्त येतात. काका दर दोन वर्षांनी महिनाभर सुट्टीवर जायचे तेव्हा वॉचमन उस्मान काठी वाचायचा. त्या महिन्यांत जवळजवळ सगळेच आकडे शून्यावर किंवा पाचावर संपत होते. काकांच्या आकड्यांत शून्यापासून नवापर्यंत प्रत्येक अंक सारखाच. लाखाच्या आसपास नोंदी, आणि एकही बसल्या जागी लिहिलेली नाही. मी तो आलेख घरी बाबांना दाखवला. ते बराच वेळ बघत होते. "हे प्रामाणिकपणाचं चित्र आहे," ते म्हणाले. कागदपत्रांत आयुष्य गेलेला माणूस. अशा गोष्टीने त्यांना खरंच आनंद होतो.

मग मी वर्षांची सरासरी काढून रेघ ओढली. चढ निघाला वर्षाला एक मिलिमीटर. तो इतका थोडा होता की मी परत काढला. आजूबाजूच्या आखातात तीन-चार मिलिमीटर चाललं असताना आमच्याच धक्क्यावर एक कसा? पण कंपनीला हा आकडा जुनाच माहीत होता. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत वह्यांवरून तो काढला होता आणि त्याच्यावरूनच व्हिलांच्या जोत्याची उंची ठरली होती.

महिन्यांची सरासरी काढली तेव्हा दिसलं. पाणी २००३पासून नीट चढत आलं होतं, वर्षाला चार मिलिमीटरच्या आसपास. २०१४च्या ऑक्टोबरात ते एकदम चार सेंटीमीटर खाली उतरलं होतं. आणि तिथून पुन्हा त्याच चढाने वर. करवतीचे दोन दात असावेत तसं.

समुद्र एका दिवसात चार सेंटीमीटर उतरत नाही. काठी वर गेली असणार.

मी २०१४ची वही काढली. बकरी ईदच्या सुट्टीतल्या तीन तासांचे रकाने रिकामे, बावीस वर्षांतले एवढेच. समोर शेऱ्याच्या रकान्यात, काकांच्या ठसठशीत अक्षरात, मराठीत लिहिलं होतं: 'रेतीचा बार्ज आदळला. काठी सुटली. साहेबांना फोन केला. काठी परत बसवली, कालवांच्या रेघेवर.'

अकरा वर्षं ते तिथे होतं. लपवलेलं नव्हतं. तेव्हाच्या आणि नंतरच्या इंजिनिअरांनी त्या पानावर सही केली होती. एकालाही मराठी वाचता येत नव्हतं, आणि एकानेही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावली. धक्क्याच्या मुळाशी, जुन्या खडकात, पितळेचं बटण बसवलेलं आहे. २००३मध्ये काठीचा शून्य त्या बटणापासून मोजून ठरवला होता, कागद फाइलमध्ये होता. मापाची पट्टी धरायला माणूस लागतो. काकाच आले. आधी बटणावर, मग काठीच्या डोक्यावर, पट्टी अशी सरळ धरून उभे राहिले की दुर्बिणीतून बघताना एकदाही थांबावं लागलं नाही. मी तीन वेळा वाचलं. काठी त्रेचाळीस मिलिमीटर वर होती.

"बरोबर असा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, घरी जाऊन हिशोब करते.

हे मी लिहितेय कारण तेव्हा हिशोब करायचा राहिला नव्हता. वजाबाकी माझ्यासमोर होती.

*

घरी बाबांशी बोलले. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. जे मोजलंस ते लिही, त्यात हात आखडू नको. आणि त्या माणसाचं नाव काढून टाक. मला ते पटलं. मी लिहिलं की २०१४मध्ये काठी पुन्हा बसवताना ती पितळी बटणाशी जुळवली गेली नाही. नंतरच्या प्रत्येक नोंदीत त्रेचाळीस मिलिमीटर मिळवले की पूर्ण नोंद निर्दोष होते. आणि तसे मिळवले की चढ वर्षाला एक नाही, चार मिलिमीटर निघतो. व्हिलांच्या जोत्याचा पुन्हा विचार व्हावा, असंही लिहिलं. शेवटच्या अंकांचा आलेख जोडला. निरीक्षकाचं नाव काढलं.

काकांना मी काहीच सांगितलं नाही. तीन दिवस त्यांच्या डब्यातलं खात होते आणि सांगितलं नाही. मनाशी म्हणत होते की अहवाल मान्य झाला की सांगू. नोंद तर टिकतेच आहे, उलट आता ती जास्त मोलाची आहे.

प्रोजेक्ट मॅनेजर अमीर जनाबियात राहतो, हैदराबादचा आहे, आवाज कधी चढवत नाही. त्याने अहवाल पूर्ण वाचला, हे मला मान्य करावं लागेल. मग तो मला समजावून सांगू लागला, शिक्षकासारखा. आकडे दुरुस्त केले तर पहिला प्रश्न येणार की अकरा वर्षं कंपनीने काठी तपासली का नाही. दुसरा प्रश्न येणार की तीनशे जोती झालीत त्यांचं काय. दोन्हींचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पण नोंदच भरवशाची नाही असं म्हटलं तर एकही प्रश्न येत नाही. काठी रद्द, मशीन बसवायचं, नवी नोंद शून्यापासून. मशीनला चढ कळायला पंधरा वर्षं लागतील हे मी म्हटलं. तो म्हणाला, तोवर व्हिला विकल्या गेलेल्या असतील.

"और उस आदमी का नाम नहीं डाला, अच्छा किया," तो म्हणाला. "स्टोरी मत लिखो, नंबर लिखो."

आठवड्याने अंतिम अहवाल निघाला. माझी सात पानं त्यात नव्हती. त्यांच्या जागी एक ओळ होती: निरीक्षकाच्या चुकीमुळे २००३ ते २०२५ची हाताने घेतलेली नोंद विचारात घेतलेली नाही.

मी तो छापून घेऊन धक्क्यावर गेले. उबेदला आधीच कळलं होतं. काकांना ऑफिसने सकाळीच बोलावून सांगितलं होतं. तिकीट अकरा दिवसांनंतरचं होतं.

ते खोलीत बसले होते. त्यांनी अहवाल हातात घेतला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत निघाले. इंग्रजी त्यांना येत नाही, पण रेसिडेन्ट कार्डावर स्वतःचं नाव कसं दिसतं ते त्यांना पाठ आहे. ते ती अक्षरं शोधत होते. एकोणतीस पानं. मी मध्येच सांगायला हवं होतं. परत एकदा नाही सांगितलं.

"नाव नाय," ते शेवटी म्हणाले.

मी सांगितलं की मी काढलं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.

त्यांनी अहवाल बंद करून माझ्यासमोर ठेवला. "चूक माझी ना? मगे नाव पण माझाच घालूक व्हया होता."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की चूक नेमकी काय झाली. मला वाटलं होतं की ते विचारणार नाहीत. मी त्यांना काठीजवळ नेलं. ओहोटी होती. खांबावर कालवं बसली होती, भरतीचं पाणी पोचतं तिथवरच चिकटून वाढणारी शिंपलं, खाली दाट, वर विरळ, आणि त्यांची वरची कड सुतात ओढल्यासारखी सरळ. तिच्यावर कोरडं काँक्रीट. बार्ज आदळला त्या दिवशी काकांनी इंजिनिअरला फोन केला होता. तो सुट्टीवर होता. म्हणाला, लाव परत, खलास. पितळी बटणाचं काकांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना आठवत होतं की पहिल्या वर्षी कालवांची कड काठीच्या एक मीटर बासष्टवर होती. म्हणून त्यांनी गुडघाभर चिखलात उभं राहून काठी पुन्हा तिथेच आणून बसवली होती.

"उघाडीची फळी मोडली तर बापूस तसाच करी," ते म्हणाले. "कालवां लबाडी करनत नाय. पाणी जितक्या येता तितकीच ती वर चढतत."

हो, मी म्हटलं. अकरा वर्षांत पाणी वर आलं, म्हणून कालवंही—

"वर सरली," त्यांनी माझं वाक्य घेतलं. मग खांबाकडे बघत राहिले. "उघाडी पाण्यावांगडा सरूक व्हयी. काठी सरता नये."

दाराने पाण्यासोबत वर सरकावं, मोजायच्या काठीने नाही: मला हे समजावायला अहवालात दीड पान लागलं होतं.

त्यांनी एकदाच विचारलं, "तू त्या दिवशी दुर्बिणीतसून बघलंस, तेव्हाच तुका कळला?"

मी हो म्हटलं.

"मी पट्टी सरळ धरली होती ना?"

मी म्हटलं, एकदम सरळ.

*

पुढचे दहा दिवस काका काठी वाचत राहिले. ऑफिसने बंद करायला सांगितलं नव्हतं. कोणाच्या लक्षातच नव्हतं. मशीन बसवणारे पुढच्या महिन्यात येणार होते. वह्यांचं काय करायचं असं मी अमीरला ईमेलवर विचारलं, उत्तर आलं नाही. मी त्या घरी न्यायला लागले, रोज दोन, पिकअपच्या सीटखाली ठेवून. उबेदला दिसत होतं. तो दुसरीकडे बघायचा. बाबांनी कपाटाचा एक खण रिकामा केला.

मी राजीनामा दिला नाही. द्यावासा वाटला, हे खरं. नवीन बेटाच्या कामावर माझं नाव लागलं होतं आणि मी ते लागू दिलं.

शेवटच्या सकाळी मी पोचले तेव्हा ओहोटी होती आणि काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. विमान दुपारचं. बॅग खोलीच्या दाराशी ठेवलेली, तिच्यावर इस्त्रीचा शर्ट घडी घालून. हातात पाना होता.

"लेव्हल आणलंस?" त्यांनी खालूनच विचारलं.

लेव्हल पिकअपमध्येच असायची. मी लावली. या वेळी पट्टी उबेदने धरली, आधी खडकातल्या बटणावर, मग ओणवा होऊन काठीच्या डोक्यावर; काकांनी खालून त्याला दोनदा रागावून सरळ धरायला लावली. बोल्ट गंजले होते. एक तुटला, त्याच्या जागी त्यांनी खिशातून नवा काढला. म्हणजे आधीच आणून ठेवला होता. मी सांगत गेले, अजून दहा, अजून चार, एक वर. काठी त्रेचाळीस मिलिमीटर खाली बसली. कालवांच्या रेघेकडे त्यांनी या वेळी बघितलंही नाही.

मग पाय धुतले, शर्ट घातला आणि वही घेऊन कडेला आले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'काठी पितळी बटणाशी जुळवली. ४३ मि.मी. खाली. कालची नोंद आणि आजची नोंद जोडू नये.' त्याखाली पूर्ण नाव, गावासकट. दोनदा, एकदा मराठीत आणि एकदा कार्डावर असतं तसं, अक्षर अक्षर सुटं काढून.

ती नोंद ऑफिसात कोणी वाचणार नव्हतं, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

नऊ वाजत आले. उबेदने बॅग गाडीत टाकली आणि इंजिन सुरू केलं. विमानतळ मुहर्रकला, रस्त्यात दोन पूल, सकाळची गर्दी. त्याने हळूच हॉर्न वाजवला. मग परत एकदा, जरा मोठ्याने.

काका धक्क्याच्या कडेला ओणवे झाले होते. मागे न बघता त्यांनी हात वर केला, थांब म्हणून, आणि हात तसाच वर ठेवला. ओठ हलत होते. पाचवी लाट आली, काठीवर चढली, उतरली. सहावी आली.

मी त्यांच्या वहीत नऊच्या रकान्यावर पेन टेकवून थांबले.